घरातले मूल आणि रानातली शाळा

आपल्या सिल्लोड तालुक्यात अंभई-उंडणगावच्या बाजूस जंजाळा नावाचे गाव आहे. गावापाशी जुना किल्ला आहे आणि त्याच डोंगराच्या अंगाला घटोत्कच लेणी आहेत. अजिंठ्याचा लौकिक जगभर झाल्यामुळे या धाकट्या लेण्यांकडे फारसे कोणी वळत नाही. येथे जमलेल्यांपैकीही पुष्कळांनी ती पाहिली नसतील. या लेण्यांत एक संस्कृत शिलालेख आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने तो कोरविला. वराहदेवाने त्यात आपल्या कुळाची वंशावळ दिली आहे. कोणाचा पुत्र कोण आणि कोणी कोणता अधिकार भोगला, हे तीवरून कळते. मात्र त्या कुळातली मुले अंगणात काय खेळली, त्यांनी हातांनी काय केले, वडिलांबरोबर ती कोठे हिंडली, याविषयी शिलालेख काही सांगत नाही. इतिहासाची साधने बहुधा अशीच असतात. त्यांत मूल जन्मते ते एकदम वारस म्हणून, आणि पुढच्याच ओळीत त्याचा राज्याभिषेक होतो.

तथापि याच वराहदेवाने अजिंठ्याचे १६ व्या क्रमांकाचे लेणेही करविले आणि त्या लेण्याच्या भिंतीवर आपणांस हवे असलेले मूल सापडते. तेथे सिद्धार्थाच्या चरित्रातील प्रसंग रंगविलेले आहेत. त्यांत राजपुत्र शाळेत बसलेला आहे, आणि तो धनुर्विद्येचा सरावही करीत आहे. एकाच बालपणात चित्रकाराने लेखणी आणि धनुष्य, बैठक आणि मैदान, दोन्ही दाखविली. शेजारच्या १७ व्या लेण्यात भिक्षापात्र घेऊन दाराशी आलेल्या बुद्धासमोर यशोधरा आपल्या राहुलाला पुढे करीत आहे, ते जगप्रसिद्ध चित्र आहे. आणि त्याच लेण्यात विश्वंतर जातकाची कथाही रंगविलेली आहे. दानशूर राजपुत्राने आपली दोन मुले एका ब्राह्मणाला देऊन टाकली, अशी ती कथा. ब्राह्मणाला ती मुले कशासाठी हवी होती? त्याच्या तरुण बायकोला घरकामासाठी राबणारी माणसे हवी होती म्हणून.

एकाच लेण्यात ही दोन्ही मुले आहेत. एक आईच्या हाताशी उभे आहे, दुसरे परक्याच्या घरी राबावयास चालले आहे. आम्हांस आज जो विचार मांडावयाचा आहे तो या दोन चित्रांमध्ये सामावलेला आहे. मुलांनी हातांनी काम करावे, उघड्यावर हिंडावे, थोरांबरोबर काहीतरी करून पाहावे, असे हल्ली पुष्कळ बोलले जाते. हे विचार कोठून तरी परदेशातून आले, असा कित्येकांचा समज आहे. उलट काहींचे म्हणणे असे की, आपल्या जुन्या घरांत हे सारे आपोआप होत होते. नवे काय त्यात? इतिहास पाहू गेल्यास दोन्ही मते अपुरी ठरतात. हातांचे काम आपल्या मुलांच्या वाट्याला नेहमीच होते. प्रश्न हा होता की ते काम कोणासाठी होते, आणि ते करीत असताना मुलाबरोबर कोण होते.

मातीचा बैल आणि मातीची गाडी

प्रथम मातीपासून आरंभ करू. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी सन १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती तेथे उघडकीस आली. त्या वस्तीतल्या एका घरात मातीचा बैल आणि मातीची स्त्रीमूर्ती मिळाली. तो बैल पूजेचा होता. त्यास खेळणे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण ज्या गावात मोठी माणसे मातीचा बैल घडवीत होती त्या गावातली मुले हात आवरून बसली असतील, असे मानणे कठीण आहे. आजही श्रावणाच्या अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, आपल्याकडे घरोघर मातीचे बैल पूजले जातात, आणि पूजा आटोपली की ते बैल मुलांच्या हाती पडतात. देव आणि खेळणे यांमधली भिंत आपल्या घरांत फार उंच कधीच नव्हती. नागपूरकडे तर लहान मुलांचा स्वतंत्र तान्हा पोळा भरतो आणि मुले लाकडी बैल सजवून मिरवितात.

संस्कृत वाङ्मयातले एक प्रसिद्ध नाटक मुलाच्या खेळण्यावरून ओळखले जाते, ही गोष्ट आपण सहसा ध्यानी घेत नाही. मृच्छकटिक म्हणजे मातीची गाडी. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून तशीच हवी म्हणून रडतो. घरात दारिद्र्य, दासी त्याला मातीची गाडी करून देते. त्याचे रडे थांबत नाही, तेव्हा वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरते. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी ते डोळे भरून पाहिले. नाटककाराने या एका खेळण्यातून घरातले दारिद्र्य दाखविले, दासीची माया दाखविली आणि वसंतसेनेचे मनही दाखविले. मुलाचे खेळणे ही क्षुल्लक बाब आहे, असे त्याला वाटले नाही.

आपल्या पंचांगातही मुलांना घराबाहेर काढणारे दिवस जागोजाग आहेत. नागपंचमीला झाडाला झोके बांधले जातात. घाट उतरून खानदेशात गेले की आखाजीला लेकीबाळी माहेरी येऊन झोक्यावर गातात. भुलाबाईच्या गाण्यांसाठी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर जमतात. ज्वारी दुधात आली की शेतावर हुरडा भाजला जातो. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, गावेच्या गावे ओस पडतात, कारण झाडून सारी माणसे मुलाबाळांसह शेतात जेवावयास गेलेली असतात. कडब्याची खोप, अंबिलाचे मडके आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आग्रहाचे बोलावणे, असा तो थाट असतो. ज्याला आज सहकुटुंब सहल म्हणतात ती आपल्या मराठवाड्यात धर्मकृत्य म्हणून चालत आलेली आहे.

जुन्या घराची दुसरी बाजू

इतके ऐकून कोणी म्हणेल, मग जुनेच बरे होते. येथे आपण थांबून नीट पाहिले पाहिजे. कुंभाराचा मुलगा चाकापाशी बसून शिकला, सुताराचा वाकस धरून शिकला, शेतकऱ्याचा औतामागे चालून शिकला, हे खरे. हाताने करून शिकण्याची याहून चांगली पद्धत सांगता येणार नाही. पण त्या मुलाला दुसरे काही शिकण्याची मुभा नव्हती. कुंभाराच्या पोराला अक्षर नको होते, ब्राह्मणाच्या पोराला माती नको होती, आणि गावकुसाबाहेरच्या पोराला दोन्ही नव्हते. मुलींचे तर विचारूच नका. सात-आठ वर्षांची पोर जात्याशी बसे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडे, आणि तेच तिचे शिक्षण होई. हात शिकत होते, पण कोणत्या हाताने काय शिकावे हे जन्मानेच ठरलेले होते.

गुरे राखणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊ, कारण आपल्या भागाला ते फार जवळचे आहे. रानाचे ज्ञान त्याच्याइतके कोणाला असते? कोणते गवत कोणत्या नक्षत्रावर येते, कोणत्या ओढ्याला पाणी किती दिवस टिकते, कोणती गाय कोणत्या वेळी हूड होते, हे त्याला ठाऊक असते. पण हे ज्ञान त्याच्याकडून कोणी कधी विचारीत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी सन १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले, त्यात त्यांनी या मुलाची बाजू मांडली. गरिबांची मुले गुरे राखावी लागतात, शेताकडे पाहावे लागते, म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे देऊन शाळेत आणावे, बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, आणि त्या शिक्षणात मोडी, बालबोध व हिशेब यांबरोबर शेतीची व आरोग्याची प्राथमिक माहितीही असावी, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाला रानातून शाळेत आणावयाचे, परंतु रानाचे ज्ञान शाळेबाहेर ठेवावयाचे नाही, हा विचार त्यात स्पष्ट आहे. पुढच्या दीडशे वर्षांत तो आपल्याला पुनःपुन्हा करावा लागला.

याच सुमारास रानातल्या एका मुलाचे नशीब विलक्षण रीतीने पालटले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकरी कुटुंबात वाढलेला गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा सन १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तोवर त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. तेच पुढे सयाजीराव गायकवाड. सन १८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि सन १९०६ मध्ये ते सबंध राज्याला लागू केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तसे विधेयक सन १९११ मध्ये मांडले, ते मंजूर झाले नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी सन १९१७ मध्ये तोच मार्ग धरला. अक्षरापासून दूर वाढलेल्या मुलाला अक्षराचे मोल अधिक कळले, असे सयाजीरावांविषयी म्हणावयास हरकत नाही.

आपला भाग त्या काळी निजामाच्या राज्यात होता. माध्यमिक शाळेची भाषा उर्दू. घरची भाषा मराठी. मराठी मुलाला आपल्या भाषेत शिकता यावे म्हणून लोकांनी पदरमोड करून शाळा काढल्या. सन १९१५ ची औरंगाबादची सरस्वती भुवन आणि सन १९२१ ची हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा ही त्यांतली मोठी नावे. जेथे अक्षरासाठीच एवढी झुंज द्यावी लागत होती, तेथे हस्तकला आणि सहल यांचा विचार मागे पडला असल्यास नवल नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा मराठवाड्यातील बहुसंख्य मुलांच्या हातात पाटी नव्हती. विळा होता, काठी होती.

शाळा उठून कुरणात गेली

अक्षर आणि हात यांची ताटातूट जगभरच झाली होती, आणि ती मोडण्याचे प्रयत्नही जगभर चालले होते. जर्मनीत फ्रोबेलने सन १८३७ मध्ये लहान मुलांसाठी खेळातून शिकविणारी संस्था काढली आणि पुढे तिला बालकांची बाग असे नाव दिले. इटलीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. मुलाची बोटे ही त्याच्या बुद्धीची साधने आहेत, हे त्यांनी शास्त्रीय रीतीने दाखवून दिले.

हा विचार आपल्याकडे आला तो एका बापाच्या काळजीतून. भावनगरजवळच्या गिजुभाई बधेका यांचा व्यवसाय वकिलीचा. सन १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि याला शिकवावे कसे, या प्रश्नाने त्यांना वाचावयास लावले. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि सन १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या कार्यात सहभागी झालेल्या ताराबाई मोडक यांनी सन १९२६ मध्ये गिजुभाईंसह नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे मुंबईत दादरला त्यांचे शिशुविहार निघाले. मध्यमवर्गीय आईबापांनी ते डोक्यावर घेतले. पण ताराबाईंचे समाधान झाले नाही. माँटेसरीची साधने महागडी. ती परवडणाऱ्यांच्याच मुलांना हातांचे शिक्षण मिळावे, हे त्यांना पटेना.

म्हणून सन १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी या गावी गेल्या. तेथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या होत्या. स्वतःचे बालपण असे हरपलेल्या या बाईने पुढली सत्तेचाळीस वर्षे परक्यांच्या मुलांचे बालपण जपण्यात घालविली. बोर्डीत आणि मग कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी जे केले, ते बालशिक्षणाच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्याजोगे आहे. मुले बालवाडीत येत नाहीत ना? मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिचे नाव अंगणवाडी. साधने महाग ना? मग शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. आणि गुरे राखणारी वारली मुले शाळेत येऊच शकत नाहीत ना? मग शिक्षक गुरांमागे कुरणात गेला आणि शाळा तेथे भरली. तिचे नाव कुरणशाळा.

श्रोतेहो, ही कुरणशाळेची गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. फुल्यांनी ज्या मुलाची कैफियत मांडली, त्याच मुलापर्यंत साठ-सत्तर वर्षांनी शाळा चालत गेली. गुरे राखणे हे ज्ञान आहे, असे त्याला पहिल्यांदा कोणीतरी सांगितले. मोजावयास खडे होते, ओळखावयास झाडे होती, आणि प्रश्न विचारावयास शेजारी एक मोठे माणूस बसलेले होते. काम तेच राहिले. मुलाची त्या कामातली जागा बदलली. ताराबाईंना सन १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. सन १९७५ मध्ये सरकारची बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर खेडोपाडी गेला. कुरणशाळा हा शब्द मात्र मागेच राहिला.

वर्ध्याचा वाद

सन १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे गांधीजींनी शिक्षण परिषद बोलाविली. मुलाने एखादा हातउद्योग शिकावा आणि गणित, भूगोल, इतिहास हे सारे त्या उद्योगाच्या अनुषंगाने शिकावे, ही नयी तालीमची कल्पना तेथे मांडली गेली. सूत कातताना तार मोजावी, कापूस कोठून आला ते शोधावे, कापडाच्या व्यापाराने देश कसा गेला ते समजून घ्यावे. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला.

परंतु गांधीजींचे आणखी एक म्हणणे होते. मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा. या मुद्द्यावर परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला. शाळेचे पोट मुलांच्या कमाईवर चालू लागले, तर शिक्षकाची नजर मुलाच्या समजुतीवर राहणार की सुताच्या गुंड्यांवर? आक्षेप रास्त होता, असे आम्हांस वाटते. त्याच वेळी साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील निराळ्या रीतीने तोच प्रश्न सोडवीत होते. सन १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र राबत. कमवा आणि शिका या योजनेत मुलाची कमाई त्याच्याच शिक्षणास लागे. शिवाय ब्राह्मण आणि अस्पृश्य मुलगा एकाच शेतात कुदळ मारू लागला की, कोणत्या हाताने काय करावे हे जन्माने ठरविण्याची जुनी रीतच मोडून पडते. जुन्या घराच्या शिक्षणात जे वैगुण्य होते, त्याला भाऊरावांनी असे नेमके उत्तर दिले.

हा सारा शाळांचा इतिहास झाला. घराचे काय? घराच्या बाबतीत मराठी माणसाला वेगळा ग्रंथ शोधावा लागत नाही. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिले. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट पाहून आपण त्यातील अश्रूच ध्यानात ठेवले. पण पुस्तक पुन्हा काढून पाहावे. त्यात एक प्रकरण पत्रावळ लावण्याविषयी आहे, एक पोहावयास शिकण्याविषयी. पालगडच्या त्या गरीब घरात नीती म्हणून जे शिकविले जाते, ते बहुतेक कशाच्या तरी निमित्ताने, हात कामात असताना शिकविले जाते. आईला व्याख्यान देण्यास सवड नाही. पण ती मुलाजवळ आहे, आणि मुलगा तिच्या कामाजवळ आहे. त्या घराचे सामर्थ्य आम्हांस येथे दिसते.

आज आपण कोठे आहोत

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव हा शिक्षणाचा भाग मानला, आणि तो आपल्या शाळांच्या वेळापत्रकात आला. एसटीच्या गाड्यांतून शाळांच्या सहली निघू लागल्या; सिल्लोडवरून अजिंठ्याकडे जाणाऱ्या अशा किती गाड्या आपण पाहिल्या आहेत! १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. फुले, सयाजीराव, गोखले यांनी जे मागितले ते कागदावर तरी पूर्ण झाले. ही थोडी मिळकत नव्हे.

मग उणे कोठे पडले? शाळेने दिलेला प्रकल्प आज बाजारात तयार मिळतो, किंवा रात्री जागून आई तो करून देते. मूल सकाळी तो हातात धरून नेते, एवढाच त्याचा हातांशी संबंध. सहल म्हणजे गाडीतली गाणी आणि लेण्यासमोर काढलेले छायाचित्र. बाप दुकानात, शेतात किंवा कचेरीत. आणि सायंकाळी एकाच खोलीत चार माणसे चार पडद्यांकडे पाहत बसलेली. मूल कामापासून सुटले हे चांगले झाले, पण त्याच वेळी ते मोठ्यांच्या सोबतीपासूनही सुटले, हे आपल्या ध्यानातच आले नाही.

आणि सर्वच मुले कामापासून सुटली असेही नाही. आपला तालुका कापसाचा, मक्याचा, मिरचीचा. वेचणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक हात शेतात लागतो, हे आपणांस सांगावयास नको. सन १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून संकरित कापूस बाहेर पडला. त्याच्या बियाण्यासाठी एकेका फुलाचे पुंकेसर हाताने काढून हातानेच परागीकरण करावे लागते. या नाजूक कामाला आंध्रात आणि गुजरातेत लहान मुलांची बोटे जुंपली गेली, ही नोंदलेली गोष्ट आहे. ज्या बोटांना माँटेसरीबाईंनी बुद्धीची साधने म्हटले, तीच ही बोटे. येथे विश्वंतराची मुले आठवल्यावाचून राहत नाहीत.

कायद्यालाही ही रेषा आखताना अडचण पडली. सन १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये सुधारला गेला. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने सर्वत्र बंदी केली, पण शाळा सुटल्यावर व सुटीत घरच्यांना त्यांच्या निर्धोक कामात मदत करण्याची सवलत ठेवली. या सवलतीवर मोठा वाद झाला. एका पक्षाने म्हटले, आईबापांच्या हाताखाली मूल धंदा शिकते, ते हिरावू नका. दुसऱ्याने म्हटले, घर या शब्दाआड मुलांची पिळवणूक लपेल. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. रेषा कोठे आहे हे बाहेरून येणाऱ्या निरीक्षकाला दिसणे कठीण. ती घरातल्या माणसालाच ठाऊक असते. म्हणून आम्ही इतिहासाकडून तीन प्रश्न घेतो आणि ते प्रत्येक आईबापाने स्वतःस विचारावे असे सुचवितो. हे काम करीत असताना माझे मूल प्रश्न विचारू शकते का? दमले तर ते सोडून खेळावयास जाऊ शकते का? आणि ते करीत असताना मी त्याच्याजवळ आहे का? तिन्हींचे उत्तर होय असेल तर कापूस वेचणेही शिक्षण आहे. तिन्हींचे उत्तर नाही असेल, तर महागड्या शाळेतला प्रकल्पसुद्धा वेठच आहे.

जवळ असणे म्हणजे काय, याचा धडाही आपल्या अजिंठ्यानेच दिला आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स सन १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यामागून हिवाळे या लेण्यांत येत राहिले. पेस्तनजी बोमनजींसारखे तरुण तेथे भिंतीसमोर बसून रेषेमागून रेष उतरवीत शिकले. लंडनच्या आगीत त्या नकलांपैकी पुष्कळ जळाल्या. पण ते हात जे शिकले ते जळाले नाही. पुढे सन १९०९ मध्ये लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर आलेला तरुण नंदलाल बोस शांतिनिकेतनात कलागुरू झाला आणि विद्यार्थ्यांना घेऊन रानोमाळ हिंडू लागला. शिक्षक आणि शिष्य दिवसेंदिवस एकाच भिंतीसमोर बसले, म्हणून ही परंपरा चालली. अर्ध्या दिवसाच्या धावत्या भेटीत ती चालली नसती.

सिल्लोडकरांना यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पोळ्याला कुंभाराकडून बैल विकत आणण्याऐवजी एखाद्या वर्षी चिखल आणून घरात बसावे. बैलाचे पाय वेडेवाकडे झाले तरी चालतील. पालोदजवळच्या खेळणा धरणावर मुलांना न्यावे आणि पाणी किती उरले आहे याचा अंदाज त्यांनाच करू द्यावा. पुढच्या महिन्यात पुन्हा न्यावे आणि अंदाज किती चुकला ते त्यांनाच पाहू द्यावे. जंजाळ्याच्या लेण्यांस जाताना वाट मुलांना विचारू द्यावी, पाणी त्यांना वाहू द्यावे, आणि दगडावरचे अक्षर वाचता आले नाही तरी त्याचा आकार वहीत उतरवू द्यावा. शेतावर गेल्यास पेरणीची एक ओळ त्यांच्या नावाने सोडावी आणि ती उगवेपर्यंत त्यांच्याबरोबर फेऱ्या माराव्यात. यांतल्या कशालाही पैसा लागत नाही. लागते ती फक्त आपली सवड, आणि ती आपण मुलांना सर्वांत शेवटी देतो.

अजिंठ्याला पुढल्या खेपेस जाल तेव्हा १७ व्या लेण्यात थोडे अधिक थांबा. राहुलाचे चित्र मुलांना दाखवा आणि विश्वंतराच्या मुलांचेही दाखवा. दुसऱ्या चित्रातली मुले कोठे चालली आहेत, असे ती विचारतील. त्यांना खरे ते सांगावे. जातकाच्या शेवटी ती मुले आपल्या आजोबांनी सोडविली, हेही सांगावे. आणि आपल्या गावात अशी कोणी मुले आहेत का, हा त्यांचा पुढचा प्रश्न टाळू नये.